उठून आलेली रेघ

बर्स्लेम. मंगळवार. संग्रहालयाच्या तळघरात
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून
मी काढते दिव्याचा साचा.
अर्धाच. वरचा.
खालचा अर्धा कुठे गेला, नोंदवहीला माहीत नाही.
तिच्यात एवढंच : ट्युनिशिया, पाचवं शतक, प्लास्टर,
एका कर्नलच्या विधवेकडून भेट.

मधल्या खड्ड्यात मासा.
काठाने क्रूस, बदाम, क्रूस, बदाम.
"बदाम नव्हे," इनॉक म्हणतो, "पान असेल ते."
इनॉक कोल्क्लफ, वय एक्क्याऐंशी,
चाळीस वर्षं चहाच्या किटल्यांचे साचे केलेला माणूस,
किटलीची चोच तर डोळे मिटून.

तो चष्मा कपाळावर ढकलतो
आणि सरळ अंगठा घालतो माशाच्या पोटात.
(हातमोजे टेबलावर. मी छताकडे बघते.)
"घाईत होता गडी. हा शेवटचा क्रूस बघ,
जागाच उरली नाही, शेजारच्यावर चढलाय.
शनिवारची दुपार असणार."

धर्म नवा होता, गिऱ्हाईक जुनंच.
फळीवर ओळीने ससा, सिंह, मासा, क्रूस,
सगळे एकाच भट्टीतले, एकाच भावाचे.
"कुठला देऊ?"
"ज्याचा धूर कमी, तो."
असं काही झालं असेल. नसेलही.
एखादीने क्रूसच मागून घेतला असेल,
पदराआड धरून नेला असेल घरी,
आणि तेल संपल्यावर
त्याच्याच उजेडात शोधलं असेल तेल.

माशाच्या तोंडापासून काठापर्यंत साच्याला भेग आहे.
साच्यात जे खोल, ते दिव्यावर उंच.
म्हणजे इथून निघालेल्या प्रत्येक दिव्यावर
केसाएवढी रेघ उठून आली,
थेट माशाच्या तोंडातून,
गळाच्या दोरीसारखी.
या दोरीच्या अर्थावर कुणीतरी दोन पानं लिहिलीत,
डब्यातच आहेत, पिवळी पडलेली : आत्मा, कोळी, जाळं.
इनॉक ती वाचतो, चहात बिस्कीट बुडवतो,
ते तुटून पडतं.
"साचा तडकला होता," म्हणतो,
"आणि नवा करायला पैसे नव्हते."

शाळेत 'साचेबंद' हा शब्द आम्ही शिवीसारखा वापरायचो.
इनॉकचा आजा नवव्या वर्षी साचे घेऊन धावायचा.
ओली बशी साच्यावर, साचा हातावर,
चाकापासून सुकवणीच्या खोलीपर्यंत, आणि परत,
संध्याकाळपर्यंत दहा मैल, एकाच छपराखाली.
त्याला कुठला शब्द लावायचा?

माती सुकताना आक्रसते, तो समजावतो.
दिव्यावरून कुणी चोरून साचा काढला,
त्या साच्यातून दिवा, दिव्यावरून पुन्हा साचा,
की दर खेपेला बोटभर कमी.
आधी खवले जातात, मग डोळा.
तसल्या एका दिव्याचा फोटो आहे माझ्याकडे :
मासा कसला, चिंचेचा आकडा.
रेघ मात्र आहे.

जेवणाआधी आम्ही साच्याच्या नकलेत माती दाबली.
त्यानेच दाबली, तळहाताच्या टाचेने,
धिरडं उलथावं तसं अलगद उलटं केलं,
आणि मासा बाहेर आला,
चौदा सेंटिमीटर, ओला, उजवीकडे तोंड.
मी फोन काढेपर्यंत
इनॉकच्या अंगठ्याने स्पंज उचलला होता
आणि एका हातात पुसून टाकली होती रेघ.

चाळीस वर्षं. जोडाची रेघ राहिली
तर माल बाद, पगारातून कपात.
"अरे देवा," तो म्हणाला. मग काहीच नाही.
मासा मोकळा पडला होता फळकुटावर,
कुणीही न पकडलेला.

तो आम्ही खिडकीत ठेवला, सुकू दे म्हणून.
नोंदवहीत मी लिहिलं : भेग, तोंडापासून काठापर्यंत.
दुसऱ्या खेपेला दाबून, उलटं करून झाल्यावर
इनॉक दोन पावलं मागे सरला
आणि दोन्ही हात पाठीमागे
घट्ट धरून उभा राहिला.