शेरा

चेंबर्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये
शनिवारी जुन्या बंदुकांची किंमत सांगायला बसतो ऑर्विल,
शेजारी मी, पावत्या लिहायला.

व्हर्ना होस्टेटर आली. फुलाफुलांच्या चादरीतून
टेबलावर सोडली रायफल,
यादवी युद्धातली, अठराशे त्रेसष्टची.
लखलखीत.
मला वाटलं, वा, चिंचेनं घासलेली समईच!
ऑर्विलचा चेहरा मात्र उतरला.

घोड्याखालच्या पट्टीवरून त्यानं बोट फिरवलं:
इथला गरुड पुसट.
दस्त्यावर तपासनिसाचा शिक्का असायचा,
तो पॉलिशकागदानं नेला.
नळीत दिवा धरला. आतून ठीक.
"कुणी घासली?"
"मर्विननं. दर रविवारी. एक्केचाळीस वर्षं."

हात लागला नसता तर चार हजार.
आता सातशे, तेही गिऱ्हाईक भेटलं तर.
तो काळपट थर म्हणजे साय होती हिची,
खरवडून टाकलीत.

व्हर्ना जराशी थांबली.
"कोरियाहून आला तो
रविवारी बोलायचाच नाही.
हात कशात तरी गुंतलेले बरे.
तारेचा काथ्या मीच आणून द्यायचे, डझनाने."

ऑर्विल खाकरला.
मागे एकजण तलवार घेऊन ताटकळत होता.

पावतीत शेवटी 'शेरा' असा रकाना असतो.
अशा वेळी आम्ही लिहितो: जादा घासलेली.
लिहिलं.
कार्बनखालची प्रत तिला दिली,
आणि रायफल उचलून चादरीवर ठेवली.

नळीवर माझ्या अंगठ्याचा ठसा उठला होता.
तिनं स्वेटरच्या बाहीनं
तो पुसला,
मग गुंडाळली.