शाईचा रोग

ऑगस्टमध्ये पानं मान टाकायला लागली तेव्हा
मी माती चिमटीत धरून पाहिली. ओली होती.
तरी पाणी दिलं.
तहानलेलं दिसतं त्याला पाणी द्यावं,
एवढंच मला येतं.

सहाशे रोपं, चेस्टनटची, दुसऱ्या वर्षातली,
विन्याइशच्या उतारावर, झऱ्याच्या पाटाखाली.
बेल्मिरु भिंतीपलीकडून म्हणायचा,
आल्झिरा, तू झाडं करतेस की बदकं पाळतेस?

मग एक उपटलं.
उपटलं कसलं, हातातच आलं,
हलत्या दातासारखं.
मुळं होती, पण धरलं की साल
मोज्यासारखी निघून बोटांत यायची,
आत नुसता दोरा.
चाकूनं मानेजवळ खरवडलं,
जिथं खोड संपून मूळ कधी सुरू झालं
ते झाडालाही सांगता येणार नाही, तिथं.
ओल्या पांढऱ्या लाकडावर
खालून वर चढत आलेली काळी जीभ.

शाईचा रोग म्हणतात आमच्याकडे.
मी चौथीपर्यंत शिकले.
इतकी शाई हाताला कधी लागली नव्हती.

प्रयोगशाळेतून फिलिपा आली,
बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून.
माझ्याच झाडाची कच्ची नासपती तोडून तिनं
माती कालवलेल्या पाण्यात तरंगत ठेवली.
चौथ्या दिवशी हिरव्या सालीवर तपकिरी डाग,
कुणीतरी अंगठा उठवल्यासारखे.
ती म्हणाली, बुरशीसारखं दिसतं, बुरशी नव्हे.
याला शेपट्या असतात. पोहतं.
पाटाच्या पाण्यातून, मुळाच्या वासावर,
तुम्ही पाणी सोडता तेव्हा तुम्ही त्याला रस्ता देता.

म्हणजे मीच.
कळशी कळशीनं.

मग वही उघडून तिनं विचारलं,
बाहेरची माती आली होती का आत?
बूट, चाकं, कुणाला दिलेलं अवजार?

फेब्रुवारीत बेल्मिरुचं थोरलं झाड वाळलं होतं.
त्याच्या बापानं लावलेलं.
बुंधा खणून काढायला त्यानं माझं फावडं नेलं,
आणि आणून दिलं ते तसंच,
पात्यावर मूठभर काळी माती घेऊन.
मी त्याच फावड्यानं पिशव्या भरल्या.

बेल्मिरु भिंतीशी उभा होता.
त्यानं टोपी काढली. परत घातली.
पाणी कुठं मुरलं होतं
ते आम्हा दोघांनाही त्या क्षणी कळलं.

आठवत नाही, मी म्हणाले.
फिलिपानं वहीत काहीतरी लिहिलं.
निळ्या शाईनं.

तीनशे बारा जाळली.
ओली होती, पेटेनात,
धूर दोन दिवस खोऱ्यात बसून राहिला.
उरलेली फळ्यांवर, उंच, खाली खडी पसरून,
मानेपाशी भर दिलेली माती काढून टाकली.
गळा उघडा ठेवा, फिलिपा म्हणाली होती,
मी थंडीत शालीशिवाय कुणालाच सोडत नाही.

रविवारी चर्चहून आले तर दाराशी फावडं.
माझं नव्हे. नवंकोरं,
दांड्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच,
शेजारी ब्लीचची बाटली.
भिंतीपलीकडे कुणी नव्हतं.

आज दुपारी तिसऱ्या फळीवरचं एक पान मिटलंय.
उन्हानं असेल.
नसेलही.
मी झारी उचलली,
खाली ठेवली,
आणि हात पाठीमागे बांधून
तिथंच उभी आहे.