सातशे ग्रॅम

बाबा म्हणाले, पियानो घ्यायचा तर मी हवाच.
पियानो नाही हो, कीबोर्ड,
पाठीवरच्या पिशवीत मावेल एवढा, लॅपटॉपला लावायचा.
तेच ते, म्हणाले, आणि बूट घालायला बसले.

चाळीस वर्षं त्यांनी तिबिलिसीत पियानो चढवले.
सोलोलाकीच्या करकरत्या जिन्यांवरून,
लिफ्ट बंद असलेल्या नवव्या मजल्यांवर,
एकदा तर भिंतीतली खिडकी चौकटीसकट काढून.
उजव्या खांद्यावर पट्ट्याचा वळ आहे,
आंघोळीनंतर तांबूस दिसतो.
वाजवता काही येत नाही.
पण कुठल्या घरी कुठला पियानो, किती किलोचा,
आणि वर पोचल्यावर पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही,
हे तोंडपाठ.

दुकान तळघरात. गोचाने टेबलावर तीन मांडले.

एकोणपन्नास पट्ट्यांचा:
हात मोकळा फिरतो,
पण मार्श्रुत्कात त्याचं वेगळं तिकीट काढावं लागेल.
बत्तीस पट्ट्यांचा, बारीक, खेळण्यातला वाटावा असा:
माझी बोटं बाबांवर गेलीत,
एक पट्टी दाबायला जावं तर दोघी बोलतात.
आणि हा पंचवीसचा, पट्ट्या पुऱ्या रुंदीच्या.
दोन सप्तकं, वर एक सा. संपलं.

डाव्या हाताने जायचं कुठे?
हे बटण दाबा, गोचा म्हणाला, सप्तक खाली उतरतं.
बटणाने उतरतं? बाबा म्हणाले,
आम्ही चौघं लागायचो.

मी स्टूल ओढून बसले, गुडघे जोडले,
बसच्या सीटएवढीच जागा घेतली.
बाहुल्यांचं नाटक आमचं. पोती, झुगदिदी, मेस्तिया.
अकरा बाहुल्या, त्यात लांडग्याचं डोकं
मागची अख्खी सीट अडवतं, आणि गाणी
मी रस्त्यात करते, कारण पोचल्यावर
पडदा बांधायलाच माणसं कमी पडतात.
लॅपटॉपला चालू असं एकच भोक उरलंय.
गोचाला हे सगळं सांगत होते,

तेवढ्यात बाबांनी तो उचलला.
गुडघे वाकवून, पाठ ताठ, श्वास रोखून,
अंगवळणी पडलेलं तसं.
आणि तो इतका सहज वर आला
की त्यांचाच तोल गेला. दिव्याची दोरी हलली.
तीनशे किलोंखाली जे कधी डगमगले नाहीत, ते
सातशे ग्रॅमने
माझा खांदा धरून उभे.

कुणी हसलं नाही. गोचाने फडकं घेतलं,
पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं.

मग बाबांनी एक पट्टी दाबली, अंगठ्याने, बेल दाबावी तशी.
नुसतं टक्.
बिघडलाय.
नाही बाबा, याला आवाज नसतोच.
आवाज लॅपटॉपमध्ये.
मग हा काय करतो?
हा फक्त पोचवतो.

ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.
उलटा करून तळ पाहिला, कडा चाचपल्या,
जिन्याच्या वळणावर कुठे धरायचं ते शोधावं तसं.
हा घे, म्हणाले. हा आपल्यातला आहे.

किमतीसाठी अर्धा तास घासाघीस केली,
वीस लारी सोडवले, आणि तेवढ्याचे
वाटेत लोबियानी खाल्ले.

आता रिकोतीचा घाट. पुढे धुकं.
ड्रायव्हरने रेडिओ मोठा ठेवलाय, मागे लांडगा,
मांडीवर पंचवीस पट्ट्या.
बटण दाबते, खाली उतरते, अजून खाली,
हेडफोनमध्ये एक जड सा हळूहळू जागा धरतो.

पिशवीला पट्टा बाबांनी शिवून दिलाय,
त्यांच्या जुन्या पट्ट्यातूनच कापून.
चामडं जाड, पितळी बक्कल मुठीएवढं.
निघताना भाजीच्या काट्यावर ठेवून पाहिलं:
कीबोर्ड सातशे ग्रॅम,
पट्टा नऊशे.