लिफ्ट : नाम की क्रियापद

तिरोडकर बाई फळ्यावर लिहितात, द बॉय लिफ्ट्स द बॉक्स,
आणि खडू माझ्याकडे रोखतात.
सांगा गुडेकर, लिफ्ट काय?
मी म्हणतो, नाम.
काळाचौकीची अख्खी रात्रशाळा हसते.
दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावणारी नफिसासुद्धा.
पोरगा उचलतो, बाई सांगतात, उचलणं ही क्रिया.

असेल. पण सव्वीस वर्षं मी ज्यात बसून आहे
ते नामच आहे, बाई.
बॅलार्ड इस्टेट, चार मजले, जाळीचं दार,
पितळेचा दांडा, एक स्टूल,
आणि दुसऱ्या मजल्यावर दोन बोटं खालीच थांबायची खोड.
'जरा पाय उचलून' हे मी इतक्यांदा म्हटलंय
की आता ते शब्द राहिलेत का, तेही बघायला हवं.

बाक सकाळच्या पोरांचे. गुडघे आत मावत नाहीत.
आम्ही तिरके बसून शब्दांच्या जाती ओळखतो.
एकूण आठ.
बाई म्हणतात, इंग्रजीत रूपावर जाऊ नका,
शब्दाची जात जन्मावरून ठरत नाही,
वाक्यात तो काय काम करतो ते बघायचं.
आज नाम, उद्या क्रियापद, कुणी अडवत नाही.
मागून सोनबा म्हणाला,
आमच्यात उलटं, बाई. आज्याच्या जागी बाप, बापाच्या जागी मी,
तोच वॉर्ड, तीच गटारं.
कुणी हसलं नाही.
बाईंनी फळा पुसला, पुसलेलाच परत पुसला.

सोमवारी सोसायटीच्या ऑफिसातून कागद आला.
लिफ्टमध्ये लावायचा म्हणून मलाच दिला, डिंकाच्या बाटलीसकट.
चार मजले रिकामे होते. मी पेन्सिल काढली.
फ्रॉम फर्स्ट ऑफ नेक्स्ट मंथ
द लिफ्ट विल बी ऑटोमॅटिक.
लिफ्ट : नाम. (बघा बाई, मी म्हटलं नव्हतं?)
विल : सहायक. बी : क्रियापद.
ऑटोमॅटिक : विशेषण, लिफ्टबद्दल जादा माहिती सांगतं.
फ्रॉमशी मात्र जरा अडलो.
आपल्यात 'पासून' तारखेच्या पाठीला चिकटून येतं,
आधी तारीख कळते, मग 'पासून' कळतं.
यांचं 'पासून' आधीच दारात येऊन उभं,
तारीख मागून जिना चढत येते.

सगळ्या शब्दांखाली रेघा मारून झाल्या.
मग सर्वनाम शोधलं.
आय नाही, ही नाही, हिम नाही.
खालच्या ओळीत होतं, प्लीज प्रेस द बटन,
तिथेही कोण दाबणार ते लिहिलेलं नाही.
बाई म्हणतात आज्ञार्थात कर्ता लपलेला असतो,
तो 'यू' असतो.
म्हणजे कुणीही. म्हणजे मी सोडून कुणीही.
रेघा खोडल्या, डिंक लावला,
कागद सरळ बसलाय का ते मागे सरून बघितलं.

रात्री वही दाखवली. बाईंनी वाक्य वाचलं,
चष्मा काढला, सगळं बरोबर आहे म्हणाल्या.
दहापैकी दहा लिहिताना पेन अडलं त्यांचं,
शाई नव्हती बहुतेक.
मी विचारलं, आणि प्लीज? प्लीजची जात कुठली?
कुणी क्रियाविशेषण म्हणतात, कुणी केवलप्रयोगी,
उद्या बघून सांगते.

आज सकाळी मिस वाछा आल्या, काठी, पर्स, औषधाचा वास.
कागदाकडे बघितलंही नाही.
थर्ड, प्लीज, म्हणाल्या,
सव्वीस वर्षं म्हणतात तसंच,
आणि मी पहिल्यांदा थांबून ऐकलं.
जाळी ओढली, दांडा फिरवला.
तिसऱ्यावर लिफ्ट अगदी बरोबर लागते, केसाचाही फरक नाही.
तरी मी म्हणालो, जरा पाय उचलून.
त्यांनी उचलला.