उसने शेअर

प्रॉव्हिडन्स, नव्व्याण्णवचा नोव्हेंबर.
दातांच्या दवाखान्यावर माझी दीड खोली,
खालून दिवसभर ड्रिलचा आवाज.
इंटरनेटवरून मी रंगाचे चार डबे मागवले,
रंगासाठी नाही, वजनासाठी.
कुरिअरवाला धापा टाकत जिना चढून आला.
त्याला पाणी दिलं, पावती वाचली:
डबा अठरा डॉलर, घरपोच फुकट.
फुकट म्हणजे कुणाच्या खिशातून?
पेन्सिलीने मांडलं. डब्यामागे अकरा डॉलर तोटा.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला
आणि कोंबडीचा भाव रोज वर.

जूनमध्ये हा धंदा करणारे दोघे होते,
आता सात.
डबे तेच, फुकट तेच,
जाहिरातीतली हसरी बाईसुद्धा बहुधा तीच.
मग शंभर गावांत दुकानं असलेल्या जुन्या रंगवाल्यानेही साइट काढली.
त्या दिवशी शेअर नऊ डॉलरने चढला.
टीव्हीवर एकजण म्हणाला,
स्पर्धा वाढतेय म्हणजे बाजार मोठा होतोय.

मी सहाशे शेअर उसने घेतले, बेचाळीसला विकले.
स्वस्त झाले की घ्यायचे, ज्याचे त्याला द्यायचे.
सांगायला सोपं.
बेचाळीसचे साठ झाले,
साठाचे एकशे चार.
त्याला वर छत नव्हतं,
म्हणून मला खाली तळ नव्हता.

दर शुक्रवारी ब्रोकरकडून ग्वेनिथचा फोन:
"मिस्टर मेदेइरोस, आणखी पैसे भरावे लागतील."
तिचा आवाज मऊ होत गेला,
आजाऱ्याच्या नातेवाइकांशी बोलतात तसा.
गाडी विकली.
इमेल्डाला सांगितलं, क्लच गेला.
घराच्या कागदांबद्दल काहीच सांगितलं नाही.

थँक्सगिव्हिंगला बहिणीकडे,
टर्कीच्या पोटात आमचा शोरिसो भरलेला.
भाचा दुआर्ते त्याच कंपनीत,
चोविसाव्या वर्षी कागदावरचा लखपती.
"मामा, तुला हे नवं जग कळायचं नाही,"
म्हणाला, आणि माझ्या ताटात वाढत राहिला.
मी विचारलं, एका डब्यावर किती सुटतं रे?
"हा प्रश्नच जुना आहे."
मी बटाटे मागितले.

एप्रिलमध्ये पडला.
एकशे चारचे एकतीस, एकतिसाचे नऊ.
सहाला परत घेतले, हिशेब मिटवला.
शुक्रवार आला, फोन वाजला नाही.
मला उगीच ग्वेनिथची आठवण झाली.

जूनमध्ये दुआर्ते दारात,
व्हॅनमध्ये रंगाचे साठ डबे,
शेवटच्या पगाराऐवजी मिळालेले.
"पोर्च रंगवूया, मामा?"
रंगाचं नाव होतं किनारी धुकं.
वाळल्यावर साधा करडाच दिसत होता.
तो शिडीवर, मी खाली शिडी धरून.
दुसऱ्या दिवशी दुपारी, ब्रश न थांबवता, त्याने विचारलं,
"मामा, नवी गाडी घेतलीस?"
मी म्हटलं, शिडी हलतेय,
खाली बघू नकोस.