अस्सल बरहुकूम

मिरजेच्या कोर्टात नक्कल विभागात
खिडकीशी माझं टेबल, अठरा वर्षं.
मी शमशाद मुजावर, दुसऱ्यांचं बोलणं उतरवते,
कानामात्रेसकट.
असलात चूक असेल तर नकलेतही चूकच हवी,
हा नियम.

आजची फाईल:
केराबाई म्हाळू एडके, आटपाडीकडची,
वय अंदाजे सत्तर.
नवरा सूतगिरणीत रखवालदार, मयत.
फंडाचे पैसे अडलेत.
दीर म्हणतो, ही बायकोच नव्हे.

प्रश्न: सप्तपदी झाली होती का?
उत्तर: म्हंजी?
प्रश्न: अग्नीभोवती सात पावलं चाललात का?
उत्तर: आग कुटली सायेब,
दिवा बी इझवला हुता.

पाट लागला होता तिचा.
पहिला नवरा पटकीनं गेलेला,
म्हणून रात्री, गावकुसाबाहेर,
सवाष्णीची नजर पडणार नाही अशा जागी.
ओटीत नारळ.
कुंकू लावणाऱ्यानंही तोंड फिरवलेलं.
आणि म्हाळू बिनलग्नाचा,
त्यानं पहिलटकर विधवेशी लावून चालत नाही,
म्हणून दुपारीच त्याचं लग्न उरकलं होतं
बांधावरच्या रुईच्या झाडाशी,
हळदीसकट, अक्षतांसकट, भर उजेडात.

दिराच्या वकिलांनी इथं घाई केली:
म्हणजे तुम्ही पहिली बायको नव्हे?
उत्तर: पयली रुई.
अजून हाय बांदावर.
तिला वारस धरायचं आसंल तर धरा.

कोर्ट हसलं म्हणे.
हसण्याची नोंद होत नाही.
पुढं तिनं विचारलं म्हणे,
पालीच्या खंडोबानं बानू आणली
तवा पावलं मोजाय कोन हुतं?
तो प्रश्न असंबद्ध ठरला.
साक्षीदारानं विचारायचं नसतं.

हे मला शमुवेलनं सांगितलं, टंकलेखक आमचा, डबा खाताना.
त्याच्या लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार पुकारा झाला,
कुणाची हरकत?
पद्मजा मगदूमच्या मुलीची नोटीस
तीस दिवस सांगलीच्या कचेरीत, फळ्यावर, काचेआड.
सख्ख्या मामानं मोबाईलवर फोटो काढला
आणि गावभर फिरवला.
मला वाटलं, अंतरपाट कापडाचा असो की काचेचा,
पलीकडे उभं असतं ते एकच माणूस,
अलीकडे सगळं गाव.

संस्थानी दप्तरात एकदा काडीमोड सापडली होती मला,
दोन आण्याच्या कागदावर.
पंचांसमक्ष गवताची काडी मोडली, बाई मोकळी,
खाली पाच अंगठे.
मी वेड्यासारखी काडी शोधली त्या कागदात.
टाचणीचा गंज होता फक्त.

माझा मेहर एकशे पंचवीस रुपये, उधार.
काझींनी वाचला, मी तीनदा कबूल म्हटलं,
पुढं तोही विसरला, मीही.
तो सौदीला गेल्यावर आठवण झाली.
कुठल्याच अर्जात मी ती रक्कम टाकली नाही.
इतक्या कमी पैशांसाठी कोर्ट फी लावायची
म्हणजे माझीच लाज.

तर, पान चार, ओळ नऊ.
शमुवेलनं टाईप केलंय:
'म्हाळूचे प्रथम लग्न कापसाशी झाले.'
सूतगिरणीची केस,
रुई ऐकली, कापूस लिहिला.
आता जिल्हा कोर्टात जाईल, मुंबईला जाईल,
म्हाळू एडके कापसाचा नवरा होऊन.
मी पेन उचललं.
ठेवलं.
कापूस लिहिला.

चार वाजता खिडकीशी ती आली,
अंगठ्याला अजून निळी शाई,
नकलेची फी पदराच्या गाठीतून सोडत.
म्हणाली, वाचाया येत न्हाई बाई मला.
रुईचं हाय न्हवं त्यात?
त्ये पडलं तर समदं खोटं हुतंय.

आहे, मी म्हटलं.
आणि शिक्का मारला.