खालची रेघ

पंपावरच्या रिनाल्द्सनं आधी विचारलं,
पंचाण्णव की अठ्ठ्याण्णव?
मी म्हटलं, वय विचारतोयस का माझं?
तो हसला नाही. कामावर असताना हसत नाही तो.
पंचाण्णवमध्ये मद्यार्क असतो, झेंटामावशी,
जुन्या इंजिनाचं रबर फुगतं त्यानं,
शिवाय हवेतलं पाणी ओढून घेतो.
माझा भाऊही असाच होता, मी म्हटलं,
आणि अठ्ठ्याण्णवचं दोन लिटर घेतलं.

मग तेल.
फळीवर लाल डबे, हिरवे डबे, एक निळा.
निळ्यावर लिहिलेलं : पन्नासास एक.
रिनाल्द्स म्हणाला, आता सगळीकडे हेच चालतं.
घरी येताना हद्दीपलीकडचा हेयनो भेटला,
त्यानं डबा उलटापालटा करून पाहिला, नाक मुरडलं.
पन्नास करवतीला. तुझ्या त्या सायकलीच्या इंजिनाला वीस.
तेल कमी पडलं की इंजिन मरतं, बाई,
जास्त झालं तर फक्त शेजारी खोकतात.

आर्वीद्स असता तर विचारलं असतं.
तो सांगायचा नाही, पण विचारलं असतं.
बेचाळीस वर्षं त्याची ती सायकल
फट-फट-फट करत वाल्काच्या रस्त्यांवरून गेली
आणि मापाचा एक आकडा त्यानं कागदावर लिहिला नाही.

छपरीत शोधलं.
खिळ्यांचे डबे, माशांच्या डब्यांत वॉशर,
एका पुडक्यात जुना पिस्टन,
एका अंगानं खरवडलेला, जणू कुणी किसणीवर घासलाय.
आणि खोकल्याच्या औषधाची एक तपकिरी बाटली.
आत तळाशी वाळलेलं तेल, मधासारखं.
काचेवर खिळ्यानं ओढलेल्या दोन रेघा.

वरची रेघ मी पाण्यानं मोजून पाहिली. शंभर.
दोन लिटरला शंभर, म्हणजे वीसास एक. जिंकला हेयनो.
खालची भरली जेमतेम चाळीस,
आणि तिच्या शेजारी खरवडलेलं एकच अक्षर.
आमच्या भाषेत त्या अक्षरानं
वसंत सुरू होतो, वारा सुरू होतो,
आणि धुणं.

मी तिथेच ओंडक्यावर बसले.

सोमवारी धुणं असायचं माझं.
दोन झाडांमध्ये दोरी, दोरीवर पलंगपोस,
आणि हा नेमका तेव्हाच कारखान्याला निघणार,
मागे निळ्या धुराची शेपटी सोडत.
मी ओरडायचे. काय काय ओरडायचे ते
आता लिहीत नाही.
त्यानं कधी उत्तर दिलं नाही. टोपी नीट केली, निघून गेला.

मग एका उन्हाळ्यात धूर कमी झाला.
मला वाटलं, मी वठणीवर आणलं.
ऑगस्टात इंजिन धरलं. सेदाच्या रस्त्यावर,
आणि तो सायकल ढकलत अकरा किलोमीटर चालत आला,
जेवला नाही, पिस्टन पुडक्यात बांधला.
काय झालं, विचारलं तर म्हणाला,
काही नाही, जुनं झालंय.

तेव्हाचं तेल कसलं, देव जाणे,
गाळ आणि नशीब. चाळीसात भागणारं नव्हतंच.
आज कदाचित भागेल. निळ्या डब्यावर छापलंय,
रिनाल्द्सही म्हणाला. बहुधा बरोबर असेल.

मी वरच्या रेघेपर्यंत ओतलं.
मग थोडं आणखी, हात हलला म्हणून.
डबा बंद करून बाळाला खुळखुळा वाजवावा तसा हलवला.

पहिल्या दिवशी सुरू झालं नाही, प्लग ओला.
दुसऱ्या दिवशीही नाही.
हेयनोच्या नातीनं प्लग चुलीवर भाजून आणला,
मी पायडल मारत उतारापर्यंत गेले, क्लच सोडला,
आणि गुडघ्यांखाली ते खोकलं, थुंकलं, लागलं.

वळून पाहिलं नाही. पडले असते.
पण सोमवार होता,
आणि दोरीवर पलंगपोस होते, दोन्ही.
मीच घातले होते सकाळी,
अजून ओले.